आवाजाचं नंतर बघू, आधी सप्लाय दाखवा

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरी डीएसपी बोर्ड बनवणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवा. झालं, ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतकी पत्रं आली की बाकीच्या गावांना पुढच्या महिन्याची वाट बघावी लागणार. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच की डीएसपी म्हणजे आवाजाचे आकडे करून त्यावर गणित करणारी चिप, आणि ते गणित झालं की पुन्हा त्याचा आवाज. क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारा), इक्वलायझर, डिले, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारा) सगळं एका नखाएवढ्या चिपमध्ये. पत्रं वाचताना एक गोष्ट लगेच कळते, तक्रार आवाजाची असते आणि आजार पॉवर सप्लायमध्ये किंवा ग्राउंडमध्ये. त्यामुळे खालच्या उत्तरांत तेच तेच येतंय असं वाटलं तर माझा इलाज नाही.

ऐरोलीहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी लिहितो: दादा, मला टू-वे ॲक्टिव्ह स्पीकरची जोडी बनवायचीय, क्रॉसओव्हर एडीएयू१७०१ ह्या डीएसपी चिपवर करायचा विचार आहे. स्वतःचा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाइन करू की तयार बोर्ड घेऊ? मित्र म्हणतात तयार घेतला तर त्यात तू काय केलंस?

मित्रांना म्हणावं आधी तुम्ही एक वाजवून दाखवा. तयार बोर्ड घे. स्वतःचा पीसीबी नंतर कर, जरूर कर, पण पहिल्याच फटक्यात नको, कारण नवा बोर्ड, नवीन सोल्डरिंग, नवीन सॉफ्टवेअर आणि नवा प्रोग्राम असं सगळं एकदम असलं आणि आवाज आला नाही तर चूक नेमकी कुठे आहे हे शोधायला तुझ्याकडे काहीच धरायला नसतं. एक चालू बोर्ड शेजारी असला की त्याच्यावर प्रोग्राम चालतो म्हणजे प्रोग्राम बरोबर, त्याच्या पिनवर अमुक व्होल्ट येतात म्हणजे आपल्याकडेही तेवढेच यायला हवेत, असं मोजत मोजत जाता येतं.

चिप निवडलीस ती मात्र चांगली निवडलीस. ॲनालॉग डिव्हायसेसची ही चिप जुनी आहे पण तुझ्या कामाला अगदी मापात बसते, कारण आत दोन एडीसी (आवाजाचे आकडे करणारे) आणि चार डीएसी (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे) आहेत, म्हणजे डावं-उजवं आत घे आणि दोन वूफर (जाड आवाजाचे) दोन ट्वीटर (बारीक आवाजाचे) बाहेर काढ, वेगळा कोडेक लावायची गरज नाही. ४८ किलोहर्ट्झला एका सॅम्पलमागे (आवाजाच्या एका मोजमापामागे) १०२४ इन्स्ट्रक्शन मिळतात, टू-वे स्टिरिओला भरपूर झाले. डिलेची मेमरी २०४८ सॅम्पलची आहे, म्हणजे सगळे मिळून ४२ मिलिसेकंद. हॉलमध्ये मागचे स्पीकर लांब लावणाऱ्यांना हे कमी पडेल पण ट्वीटर आणि वूफर जुळवायला पुरून उरेल, कारण एका सॅम्पलमध्ये आवाज साधारण ७ मिलिमीटर जातो. वूफरचा कोन आत असल्याने तुझा ट्वीटर समजा ५ सेंटीमीटर पुढे असेल तर त्याला सात सॅम्पलचा डिले दे, झालं काम.

क्रॉसओव्हरला डोळे झाकून चौथ्या ऑर्डरचा लिंक्विट्झ-रायली फिल्टर लाव. झिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली हे दोघं एचपीमधले इंजिनिअर, लिंक्विट्झचा पेपर १९७६ चा आहे, तेव्हा हे सगळं ऑपॅम्पवर करायचे आणि एक फ्रिक्वेन्सी बदलायची तर कपॅसिटर उपटून नवे लावावे लागायचे. आता सिग्मास्टुडिओत माउसने आकडा बदलायचा. सॉफ्टवेअर फुकट आहे, ब्लॉक ओढायचे आणि तारा जोडायच्या, कोड लिहायला लागत नाही. कंपनीचा प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारं यंत्र) महाग आहे, त्याऐवजी सीवाय७सी६८०१३ए चिपवाले छोटे बोर्ड मिळतात, त्यावर फुकटातलं फर्मवेअर टाकून काम भागतं.

आणि पुढे स्वतःचा पीसीबी करशील तेव्हा तीन-चार गोष्टी. चिपला ४८ पाय आहेत, दोन पायांत अर्धा मिलिमीटर अंतर, फ्लक्स सढळ हाताने लाव आणि डाग देताना घाई करू नको. खालचा थर पूर्ण ग्राउंडचा ठेव, त्यातून ट्रॅक नेऊन तुकडे पाडू नको. सप्लायच्या प्रत्येक पिनला चिकटून १०० नॅनोफॅरड, लांब नाही, चिकटून. पीएलएलच्या (चिपचं घड्याळ बनवणाऱ्या भागाच्या) फिल्टरला ४७५ ओहम, ५६ नॅनो आणि ३.३ नॅनो असे आकडे डेटाशीटमध्ये आहेत, ते तसेच लाव, "घरात ४७० होता तो लावला" हे एक वेळ चालेल पण ५६ नॅनोच्या जागी १०० नको. क्रिस्टल १२.२८८ मेगाहर्ट्झचा. चिपच्या पोटातला भाग १.८ व्होल्टवर चालतो आणि ते १.८ बाहेरच्या एका पीएनपी ट्रान्झिस्टरमधून तयार होतात, ज्याचा बेस चिप स्वतः चालवते. तेव्हा बोर्ड मुका असला तर लॅपटॉप उघडण्याआधी मल्टिमीटर उचल आणि बघ, ३.३ आहेत पण १.८ नाहीत असं निघालं तर बहुतेक वेळा तो ट्रान्झिस्टर चुकीच्या पिनआउटचा बसलेला असतो.

पार्ट्ससाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला जायचं तर रविवार सोडून जा, बहुतेक शटर खाली असतात. कपॅसिटर, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक तिथे हाताने बघून घेण्यात मजा आहे, डीएसपी चिप मात्र बिलासकट मोठ्या वितरकाकडून ऑनलाइन मागव.

कळव्याहून: १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, त्यातून ७८०५ आणि त्यापुढे १११७ हे रेग्युलेटर (व्होल्ट कमी करून स्थिर ठेवणारे) घालून ३.३ व्होल्ट काढलेत. ७८०५ ला हात लावला तर चटका बसतो. जळेल का? आणि आता मला ॲम्प्लिफायरसाठी २४ व्होल्ट लावायचेत, त्याच सप्लायमधून बोर्ड चालवला तर चालेल?

हिशोब करू. बोर्ड १५० मिलिअँपियर खातो असं धरा. १२ मधून ५ काढायचे म्हणजे ७ व्होल्ट ७८०५ ने स्वतःच्या अंगावर घेतले, ७ गुणिले ०.१५, साधारण एक वॅट. हीटसिंक नसलेला टीओ-२२० पॅकेजचा रेग्युलेटर वॅटमागे ६५ अंशांच्या आसपास तापतो. मे महिन्यात कळव्यात पत्र्याखाली नाही तरी घरात ३५ अंश असतातच, म्हणजे आतला भाग शंभराच्या पुढे. जळणार नाही, पण चटका बसणारच, आणि डब्यात बंद केलात तर शेजारचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लवकर म्हातारे होतील. एक छोटा हीटसिंक लावा आणि विसरून जा.

२४ व्होल्टवर मात्र गणित फिरतं. १९ व्होल्टचा फरक गुणिले ०.१५ म्हणजे २.८५ वॅट, नुसत्या ७८०५ वर हे टाकलंत तर तो गरम होऊन स्वतःला बंद करेल, थंड झाला की चालू, परत बंद, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात मला लिहाल की गाणं अडखळतं. तिथे बक मॉड्यूलच (झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट खाली आणणारं) लावा, एलएम२५९६ चं वगैरे मिळतं ते, २४ चे साडेपाच-सहा करा आणि त्यापुढे लिनियर रेग्युलेटरने ३.३. बक ही स्विचिंगची वस्तू आहे, खरा एलएम२५९६ दीडशे किलोहर्ट्झला स्विच होतो, ते कानाला ऐकू येत नाही पण त्याची घाण ॲनालॉगमध्ये शिरते, आणि लिनियर रेग्युलेटर १०० हर्ट्झची लहर जितकी छान पुसतो तितकी एवढ्या वरची पुसत नाही. म्हणून बक आणि लिनियरच्या मध्ये एक फेराइट बीड आणि पुढे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, दहा-वीस रुपयांचं काम आहे. बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर नकली चिपा सर्रास असतात, त्यामुळे त्याच्यावर लिहिलेल्या ३ अँपियरवर जाऊ नका, आपल्याला तेवढे लागतही नाहीत.

आणि हो, १११७ चा मोठा पत्रा, म्हणजे टॅब, ग्राउंड नाही, तो आउटपुट आहे. ७८०५ चा टॅब ग्राउंड असतो म्हणून हाताला सवय लागलेली असते आणि लोक दोघांनाही एकाच हीटसिंकवर किंवा डब्याच्या पत्र्यावर स्क्रूने आवळतात, मग ३.३ सरळ ग्राउंडला. मध्ये अभ्रक लावा नाहीतर लांब ठेवा.

वाशीहून: जुन्या लोकांचं म्हणणं की ऑडिओला ट्रान्सफॉर्मरच पाहिजे, एसएमपीएस (स्विचिंगचा सप्लाय) म्हणजे पाप. खरं काय?

जुन्या लोकांचं अर्धं बरोबर. छोटा ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर डीएसपी बोर्डाला फार गोड चालतो, ९ गुणिले १.४१ म्हणजे १२.७, त्यातून ब्रिजचे दोन डायोड दीड-एक व्होल्ट खातात, हातात अकरा-सव्वाअकरा येतात. १००० मायक्रोफॅरडवर १५० मिलिअँपियरला दीड व्होल्टची लहर राहते, २२०० लावा, निम्म्यावर येते, पुढे रेग्युलेटर बघून घेतो. पण रात्री व्होल्टेज चढलं की हे अकरा बाराच्या वर जातात हे लक्षात ठेवून कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा नको.

पण ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा एक त्रास आहे जो जुने लोक सांगत नाहीत, त्याचं चुंबकीय क्षेत्र. डब्यात इनपुटच्या तारेशेजारी बसवलात तर ५० हर्ट्झची घुंघुं अशी शिरेल की कुठलाही कपॅसिटर काढू शकणार नाही. लांब बसवा, बसवायच्या आधी हातात धरून फिरवून बघा कुठल्या बाजूने घुंघुं कमी होते, किंवा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) घ्या. पॉवर ॲम्प्लिफायरला मात्र आजकाल चांगला एसएमपीएसच परवडतो, शंभर वॅटच्या ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि तांब्याचा भाव बघता पापाची व्याख्या बदलायला हवी.

नवख्यांनी एसएमपीएसचा उघडा बोर्ड घरात आणूच नये असं माझं मत. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. बंद डब्यातला ॲडॉप्टर घ्या.

खारघरहून एक वाचक: एकाच २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर टीपीए३११६ चा ॲम्प्लिफायर आणि डीएसपी दोन्ही आहेत. फोनवरून गाणं वाजवलं तर स्वच्छ. लॅपटॉप जोडला की चिंचिं असा आवाज, माउस हलवला की सूर बदलतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब. चार्जर खराब आहे का?

चार्जर धडधाकट आहे. माउस हलवल्यावर सूर बदलतो हे वाचूनच निदान झालं, ग्राउंड लूप. लॅपटॉपचं ग्राउंड चार्जरमधून भिंतीपर्यंत जातं, तुमच्या एसएमपीएसचं ग्राउंडही भिंतीपर्यंत जातं, आणि ऑडिओच्या तारेचं ग्राउंड ह्या दोघांना मध्येच जोडतं. झालं वर्तुळ. प्रोसेसरने कमी-जास्त करंट ओढला की त्याची कुरबुर ह्या वर्तुळात फिरते आणि नेमकी ऑडिओच्या ग्राउंडवरून जाते, एडीसीला ती गाण्याचाच भाग वाटते. फोन बॅटरीवर असतो, वर्तुळ पूर्ण होत नाही, म्हणून स्वच्छ. दोन पिनचा चार्जर असला तरी सुटका नाही, आतल्या प्रायमरी-सेकंडरीमधल्या (मेन्स आणि आउटपुटच्या बाजूंमधल्या) वाय कपॅसिटरमधून थोडा करंट झिरपतोच. लॅपटॉपच्या पत्र्यावर बोट फिरवल्यावर मुंग्या येतात ना, तेच ते.

आता काय करू नये ते आधी. तीन पिनची अर्थिंगची पिन कापायची नाही. ही युक्ती सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, आवाज खरंच जातो, पण त्या दिवशी आत काही शॉर्ट झालं तर करंटला जायला एकच वाट उरते आणि ती तुमच्या हातातून. उलट सोसायटी जुनी असेल तर अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

करायचं काय तर वर्तुळ कुठेतरी तोडायचं, पण सिग्नलच्या बाजूने. सगळ्यात सोपं म्हणजे लॅपटॉप आणि बोर्डाच्या मध्ये ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, डबीत बंद जोडी मिळते. स्वस्तातली असेल तर खालचा बास थोडा पातळ होतो, कान दुखावतील इतका नाही. दुसरं, ह्याने लॅपटॉपचं वर्तुळ तुटत नाही, पण डीएसपी आणि ॲम्प्लिफायरमधलं तुटतं, डीएसपीचा सप्लाय ॲम्प्लिफायरपासून वेगळा करायचा, म्हणजे त्याला स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर द्या किंवा २४ चे ५ करून पुढे ५ ते ५ चा एक वॅटचा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा, तो बोटाच्या पेराएवढा असतो. एक वॅट म्हणजे २०० मिलिअँपियर, तुमचा बोर्ड १५० खातो असं धरलं तर जमतं. पण मग डीएसपीपासून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या तारेचं ग्राउंड हेच दोघांमधलं एकमेव ग्राउंड असलं पाहिजे, दुसरीकडून स्क्रूने, डब्याच्या पत्र्याने, यूएसबीने परत जोडलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

तसंच क्लास-डी ॲम्प्लिफायर बासच्या ठोक्याला दोन-तीन अँपियर ओढतो, तो करंट परत जाताना ज्या तारेतून जातो त्या तारेवर डीएसपीचं ग्राउंड लटकलेलं नसावं. एसएमपीएसच्या मायनसपासून दोन वेगळ्या तारा काढा, जाड ॲम्प्लिफायरला, बारीक डीएसपीला. तुमच्या पत्रासोबतच्या आकृतीत एकच तार आधी डीएसपीला आणि तिथून पुढे ॲम्प्लिफायरला गेलीय, उद्या लूप गेला तरी बासबरोबर खरखर येईल ती ह्यामुळे. आजच बदला.

प्रोग्रामर लावल्यावरही असाच आवाज येईल, त्याला घाबरू नका. ट्यूनिंग करताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा.

कोपरखैरणेहून: प्रोग्राम ईईप्रॉममध्ये (पॉवर गेली तरी न विसरणाऱ्या मेमरी चिपमध्ये) लिहिला. पॉवर दिली की कधी बोर्ड बोलतो, कधी मुका. काढून परत लावला की बहुतेक वेळा चालतो. प्रोग्राममध्ये काय चुकलं असेल?

प्रोग्राम कधी चालतो कधी नाही असं करत नाही, पॉवर करते. आधी साधं तपासा, सेल्फबूटची (ईईप्रॉममधून आपोआप वाचायला सांगणारी) पिन वर ओढलेली आहे ना, ईईप्रॉम २४एलसी२५६ असेल तर सिग्मास्टुडिओत लिहिताना पत्ता ०xए०, क्षमता ३२७६८ बाइट आणि पेज ६४ बाइट असंच दिलंय ना, आय-टू-सीच्या (चिप आणि ईईप्रॉम जोडणाऱ्या) दोन्ही तारांना पुलअप रेझिस्टर आहेत ना. हे ठीक असेल, कारण कधीतरी चालतोय म्हणजे लिहिलं गेलंय.

मग रिसेटकडे या. तुम्ही लिहिलंय की आवाज स्वच्छ यावा म्हणून ३.३ च्या लाइनवर २२०० मायक्रोफॅरड घातला. तिथेच गोम आहे. एवढी टाकी भरायला वेळ लागतो, ३.३ हळूहळू चढतात, चिप मध्येच डोळे उघडते, ईईप्रॉम अजून झोपेत, अर्धं वाचून होतं आणि मग दोघेही गप्प. परत लावल्यावर टाकीत थोडं शिल्लक असतं म्हणून लवकर चढतं आणि चालतं. ती टाकी रेग्युलेटरच्या आधी हलवा, ३.३ वर १०-२० मायक्रोफॅरड आणि पिनापाशी १०० नॅनो एवढंच ठेवा. आणि रिसेटच्या पिनला नुसता रेझिस्टर-कपॅसिटर असेल तर तो काढून तीन-चार पायांचा सुपरवायझर आयसी लावा, एडीएम८११ किंवा तसलाच, सप्लाय पूर्ण चढल्यावरच तो चिपला सोडतो.

सानपाड्याचे एक निवृत्त गृहस्थ: स्विच टाकला की धाडकन आवाज येतो, बंद करताना त्याहून मोठा. सौभाग्यवतींनी नोटीस दिली आहे.

काका, नोटीस गंभीरपणे घ्या, पुढचा बळी ट्वीटरचा आहे. डीएसपी जागा होताना त्याच्या आउटपुटवर डीसी शून्यापासून दीडेक व्होल्टपर्यंत चढतो, कपलिंग कपॅसिटर तो चढ ॲम्प्लिफायरला झटक्यासारखा देतो, आणि ॲम्प्लिफायर आधीच जागा असेल तर तो इमानदारीने वीसपट करून स्पीकरवर फेकतो. तेव्हा डीएसपी आधी, ॲम्प्लिफायर दोन-तीन सेकंदांनी, बंद करताना उलट. दोन स्विच लावायचे नसतील तर टीपीए३११६ ला शटडाउनची पिन आहे, तिला रेझिस्टर-कपॅसिटरने उशिरा वर येऊ द्या आणि मेन्स गेल्या गेल्या खाली ओढणारा एक ट्रान्झिस्टर लावा. आणि ट्वीटरच्या सिरीजमध्ये २० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर कायमचा ठेवा, ८ ओहमला तो १ किलोहर्ट्झच्या खालचं अडवतो. क्रॉसओव्हर डिजिटल आहे मग हा कशाला असं तुमचा नातू म्हणेल. उद्या लॅपटॉपवरून चुकून वूफरचा प्रोग्राम ट्वीटरच्या आउटपुटवर गेला की कळेल कशाला.

ठाण्याच्या नौपाड्यातून एका सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते: दरवर्षी आवाजावरून भांडणं होतात. डीएसपीत लिमिटर टाकून ५५ डेसिबलवर लॉक करता येईल का?

ह्या पत्राला मनापासून नमस्कार, मंडळातून लिमिटरची मागणी येणं दुर्मीळच.

लॉक करता येतं, पण डीएसपीला ५५ डेसिबल म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला फक्त स्वतःचं कमाल माप माहीत, त्याच्याखाली किती एवढंच तो मोजतो. तोच सिग्नल छोट्या ॲम्प्लिफायरवर कुजबुज आणि मोठ्यावर भूकंप. म्हणून सगळं एकदा मांडून, ॲम्प्लिफायरचे नॉब शेवटच्या जागी लावून त्यावर टेप चिकटवायची, सलग एक पिंक नॉइज (जाड-बारीक सगळे सूर असलेला सलग सस्स आवाज) वाजवायचा, मीटर घेऊन मंडपाच्या हद्दीवर उभं राहायचं आणि लिमिटरचा थ्रेशोल्ड तिथल्या आकड्यावर बसवायचा.

आकडा कुठला तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, रात्र म्हणजे १० ते ६. लाउडस्पीकरसाठी वेगळं कलम आहे, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आसपासच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे तुमच्याकडे दिवसा ६५ हद्दीवर. रात्री १० नंतरची सवलत सरकार जाहीर करेल त्याच दिवशी, तीही १२ पर्यंत.

आता एक मेख. हे सगळे आकडे ए-वेटेड असतात, आणि ए-वेटिंग खालच्या बासला फारसं मोजतच नाही. मीटर ६५ दाखवत असताना चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या कपाटाच्या काचा थरथरत असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. त्यामुळे नुसता लिमिटर नको, बासला वेगळा बँड करून त्याचा लिमिटर आणखी खाली ठेवा आणि ६० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास लावून टाका. आरतीला ६० च्या खालचं काहीही लागत नाही. भांडणं ह्या एका फिल्टरने जितकी कमी होतील तितकी मीटरने नाही.

दुसरं, मिक्सर. एडीएयू१७०१ च्या इनपुटला १०० मायक्रोअँपियर आरएमएस हे कमाल माप आहे. बाहेरचा १८ के (किलोओहम) रेझिस्टर आणि आतले २ के मिळून २० के होतात, म्हणजे २ व्होल्टला एडीसी भरला. मोठे मिक्सर साडेसात-आठ व्होल्टपर्यंत सहज ढकलतात, मग लिमिटरच्या आधीच, एडीसीमध्येच आवाज फाटतो आणि लिमिटर तो फाटका आवाज इमानेइतबारे हळू करून देतो. १८ के च्या जागी ८२ के लावा, साडेआठ व्होल्टच्या आसपास जागा मिळते. मग बोर्ड डब्यात बंद करा, प्रोग्रामरचा कनेक्टर बाहेर ठेवू नका, आणि डब्याची चावी डीजेला सोडून कुणालाही द्या.

घणसोलीहून: गाणं नसताना ट्वीटरमधून सतत सस्स आवाज. डीएसपी चिप बदलून एडीएयू१४५२ घेऊ का?

नको. १४५२ मध्ये एडीसी-डीएसी आतमध्ये नाहीतच, तुमचं काम वाढेल आणि सस्स तिथेच राहील. तुमच्या चिपचा डीएसी जास्तीत जास्त ०.९ व्होल्ट आरएमएस देतो. तुमच्या टीपीए३११६ च्या बोर्डावर गेन ३६ डीबी आहे, म्हणजे ६३ पट, जवळपास ५७ व्होल्ट. २४ व्होल्टच्या सप्लायवर जेमतेम १७ निघतात. बाकीचा सगळा गेन फक्त सस्स मोठा करायला वापरला जातोय. ह्या आयसीला २०, २६, ३२ आणि ३६ असे चार गेन आहेत आणि ते दोन रेझिस्टरने ठरतात, डेटाशीटच्या तक्त्यातून २६ ची जोडी लावा, २० पट, १८ व्होल्ट, बरोब्बर. ट्वीटरच्या चॅनलला तर २० डीबीही पुरेल. गेन पॉवर येतानाच वाचला जातो, चालू असताना रेझिस्टर बदलून "फरक पडला नाही" असं लिहू नका.

नेरूळहून, खाडीच्या बाजूने: उन्हाळ्यात उत्तम चालणारा घरचा बोर्ड जुलैपासून कुरकुरतो, हेअर ड्रायर मारला की तासभर बरा असतो.

ड्रायरने बरा होतो म्हणजे फ्लक्स. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स दमट हवेत पाणी धरतो आणि दोन पायांमध्ये बारीक गळती सुरू होते, त्यात खाडीची खारट हवा. क्रिस्टलच्या पायांशी, पीएलएलच्या फिल्टरशी आणि इनपुटच्या मोठ्या रेझिस्टरांशी ती सगळ्यात आधी जाणवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, लगेच टिपून घ्या नाहीतर चिकट पाणी चिपच्या खाली जाऊन बसतं, दोनदा करा, ड्रायरने पूर्ण वाळवा आणि चालवून बघा. बरा झाला तर कनेक्टरवर टेप लावून कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) एक पातळ हात द्या. घासण्याआधी कोटिंग मारू नका, आतली ओल आतच राहते.